फिजी ते तान्ना: पहिल्या खुल्या समुद्राच्या नोंदी

27 जून 2024, वुडा पॉइंट, विती लेवू

बोट पाण्यात उतरली. नोव्हेंबर ते एप्रिल हे इथले चक्रीवादळांचे महिने. तेवढा काळ ती मरीनाच्या आवारात जमिनीत खणलेल्या खड्ड्यात होती: कील (तळाचा कणा) खड्ड्यात, पोटाला चारी बाजूंनी जुने टायर, वरून करकचून आवळलेले पट्टे. अशी खाली बसवली की वाऱ्याला धरायला जागा कमी मिळते आणि बोट आडवी होत नाही.

मजल ठरली आहे. फिजीच्या पश्चिमेकडची प्रवाळाची रांग नवुला खिंडीतून ओलांडायची आणि वानुआतूमधल्या तान्ना बेटावरच्या पोर्ट रेझोल्यूशनला नांगर टाकायचा. खिंडीपासून साधारण 450 सागरी मैल. साडेपाच-सहा नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) वेग धरला तर तीन दिवस आणि वर काही तास. आजवर नवरा आणि मी बेटांच्या आडोशाने फिरलो, संध्याकाळ झाली की नांगर टाकला. या वेळी मध्ये नांगर टाकायला जागाच नाही, खाली तीन-तीन हजार मीटर पाणी.

तिसरे गडी म्हणजे ही वाट अनेकदा केलेले न्यूझीलंडचे एक निवृत्त गृहस्थ. माझं माहेर रेवदंड्याचं, त्यामुळे मी त्यांना पहिल्या दिवसापासून तांडेल, म्हणजे कोळ्यांच्या बोटीचा म्होरक्या, म्हणते. बोट आमची असली तरी समुद्रावर त्यांचा शब्द शेवटचा, हे निघण्याआधीच तिघांनी बोलून घेतलं. अशा गोष्टी किनाऱ्यावरच ठरलेल्या बऱ्या.

3 जुलै

डोलकाठीवर चढून प्रत्येक तारेचं टोक भिंगाने पाहिलं. स्टेनलेस स्टीलची तार तुटायच्या आधी टोकाशी एखादा धागा सुटतो किंवा गंजाची तांबूस रेघ दिसते. तसं काही सापडलं नाही. खाली आल्यावर नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या कठड्यापर्यंत दोन्ही बाजूंना सपाट पट्टे ताणून बांधले. कमरपट्ट्याचा हूक त्यांना अडकवूनच पुढे जायचं. नियम एकच आणि कडक: रात्री दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिटबाहेर (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेबाहेर) पाय टाकायचा नाही.

406 मेगाहर्ट्झचा संकटसूचक तपासला, त्याच्या नोंदणीतले घरच्यांचे फोन नंबर बदलले. लाइफराफ्टची तपासणीची तारीख अजून पुढची आहे.

नवऱ्याच्या डोक्यात शिडाचं वेड शिरलं ते गोव्यात. मांडवीतल्या दिवाड बेटावर बांधलेली 56 फुटी ‘म्हादेई’ त्याने तिथे धक्क्याला लागलेली पाहिली होती. याच बोटीवरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची वाट दक्षिणेच्या थंड, खवळलेल्या अक्षांशांतली होती. आमची उष्ण कटिबंधातली, व्यापारी वाऱ्यांची, आणि आकाराने तिचा एक लहानसा तुकडा. तरी तयारीच्या याद्या लिहिताना त्याच्या तोंडी ‘म्हादेई’चं नाव येतंच, आणि ते यावं असं मला वाटतं.

9 जुलै

हवामान बघत बसणं हेच सध्या काम. या पट्ट्यात हिवाळ्यात वारा आग्नेयेचा. तो किती जोराचा असेल हे ठरतं दक्षिणेकडून सरकणाऱ्या उच्च दाबाच्या क्षेत्रांवर. दक्षिण गोलार्धात उच्च दाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून त्याच्या उत्तरेच्या कडेला आपल्याला आग्नेय-पूर्वेचा वारा मिळतो. क्षेत्र दांडगं असेल आणि उत्तरेकडे दाब कमी असेल तर मधल्या पट्ट्यात वारा पिळून निघतो: 25 ते 30 नॉट, आणि तोही दिवसेंदिवस. सध्या तेच चाललंय. मरीनात डोलकाठ्यांच्या तारा रात्रभर शीळ घालतात.

तांडेल म्हणाले, अशा वाऱ्यात बोट जाईल, पण तुम्ही दोघं पुन्हा समुद्रावर यायचं नाव काढणार नाही. थांबायचं. फिजीतल्या नांदी शहरातल्या हवामान केंद्राचा नकाशा सकाळ-संध्याकाळ पाहायचा आणि उपग्रहाच्या इंटरनेटवरून उतरवलेल्या वाऱ्याच्या फायलींशी ताडायचा. दोन्ही जुळले तरच तारीख धरायची.

चंद्राचाही हिशोब केला. 17 तारखेला आषाढी एकादशी, 21 ला पौर्णिमा. या दिवसांत निघालो तर प्रत्येक रात्री चंद्र जास्त वेळ सोबत राहील. पहिल्या खेपेला ढग आणि लाटा डोळ्यांना दिसणं फार मोलाचं.

14 जुलै, लौतोका

बाजार केला. लौतोकाच्या मंडईत भेंडी, वांगी, कढीपत्ता, ताज्या हिरव्या मिरच्या. बाहेर किराणा दुकानात तूरडाळ, पोहे, साबुदाणा. 1879 ते 1916 या काळात गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) साठ हजारांवर माणसं भारतातून इथल्या उसाच्या मळ्यांवर आणली गेली. आज ज्या बाईंनी मला मिरच्या मोजून दिल्या त्या त्यांच्यापैकी कुणाची तरी पणती असतील. कलकत्त्याहून नि मद्रासहून जहाजाच्या पोटात कोंबून आणलेल्या त्या माणसांना कुठे जातोय हेही धड सांगितलेलं नव्हतं. समुद्र ओलांडायची तयारी हौसेने करताना हे विसरता येत नाही.

खरेदी बेताची. वानुआतूत उतरताना ताजी फळं, भाज्या, मांस काढून घेतात, म्हणून पोचायच्या दिवशी टोपली रिकामी हवी. पहिल्या दिवसासाठी पोटाला हलकं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी कुकरमध्ये एकदाच शिजणारं, आणि प्रत्येकाच्या पाळीसाठी वेगळा डबा: शेंगदाणे, खजूर, आल्याच्या वड्या. टाकीत पाणी 300 लिटर, शिवाय कॅनमध्ये 40 लिटर वेगळं बांधून ठेवलं. टाकीला गळती लागली तरी प्यायचं पाणी शाबूत राहतं.

16 जुलै

कमी दाबाचा पट्टा काल सरकून गेला. पाऊस पडला, वारा नैऋत्येला फिरला आणि आज पुन्हा आग्नेयेवर आला. पुढचे चार दिवस 15 ते 20 नॉट, दोन्ही अंदाज जुळतात. इमिग्रेशन-कस्टम्सचे कागद झाले. कागद झाले की रेंगाळता येत नाही, निघावंच लागतं.

तान्नाच्या अधिकाऱ्यांना आगाऊ ईमेल पाठवली. त्यांचं कार्यालय बेटाच्या पश्चिमेला लेनाकेलला आहे, आम्ही पूर्वेला नांगर टाकणार. रविवारी पोचलो तर ते सोमवारी येतील. तोवर पिवळा झेंडा लावून बोटीवरच राहायचं.

17 जुलै, आषाढी एकादशी

11 वाजता नवुला खिंड मागे पडली. दोन्ही बाजूंना प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, मधून गडद निळी वाट. बाहेर पडल्यावर पहिल्या तासाभरातच पाण्याचा स्वभाव पालटला. आग्नेय वाऱ्याच्या लाटा डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यातून येतात, आणि त्यांच्या खालून नैऋत्येचा लांबलचक फुगवटा सरकतो. तो दूर दक्षिण महासागरातल्या वादळांनी पाठवलेला. दोन्ही एकदम येतात तेव्हा बोट आधी कलते, मग वळते, मग खाली बसते. पोटाला यातलं काहीच ओळखीचं नसतं.

मार्ग खरा 257 अंश. इथे होकायंत्राचा फरक सुमारे 12 अंश पूर्वेचा, म्हणून काट्यावर 245. मेनसेलला (मुख्य शिडाला) एक रीफ, म्हणजे शीड एका टप्प्याने आखूड, जेनोआ (पुढचं मोठं शीड) थोडा गुंडाळलेला, आणि बूम (मेनसेलचा खालचा आडवा दांडा) चुकून फिरू नये म्हणून पुढे दोराने बांधून टाकलेली.

साबुदाण्याची खिचडी सकाळीच करून ठेवली होती, तीच दिवसभर थोडी थोडी खाल्ली. नवऱ्याला दुपारी मळमळलं. खाली न पाठवता त्याला सुकाणूवर बसवला, नजर क्षितिजावर. तासाभरात चेहऱ्यावर रंग आला.

रात्री पाळ्या तीन-तीन तासांच्या. माझी पहिली 9 ते 12. चंद्र जवळजवळ डोक्यावर, वृश्चिकेत, ज्येष्ठेच्या थोडा अलीकडे. नाळेच्या डावीकडे त्रिशंकू कलंडत चाललेला, त्याच्यामागे मित्र आणि मित्रक हे तारे. होकायंत्राच्या दिव्याकडे सारखं बघण्यापेक्षा एक तारा वरच्या तारेच्या कडेला धरून ठेवला की मान दुखत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी तारा सरकतो, दुसरा धरायचा. दर दहा मिनिटांनी उठून पूर्ण गोल फिरून क्षितिज पाहायचं. मोठं जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर यायला फार तर वीस मिनिटं लागतात, त्यावरून तांडेलांनी हा दहाचा आकडा ठरवला आहे.

18 जुलै

दुपारी 12 वाजता: 18°24′ द, 174°57′ पू. 132 मैल झाले. वारा 18 नॉट.

झोप तुकड्यातुकड्यांत. बंकच्या कडेला बांधलेल्या कापडाच्या आडोशात शिरलं की अंग लोळत नाही, पण बोटीचे आवाज कानाशी येतात: पाणी फायबरग्लासच्या पलीकडे चार बोटांवर, कपाटात एकच वाटी कुठेतरी टिंगटिंग. ती वाटी शोधून फडक्यात गुंडाळेपर्यंत झोप लागली नाही.

सकाळी डेकवर उडते मासे पडले होते, बोटभर लांबीचे, पंखांच्या जागी ओल्या कागदासारखे पापुद्रे. दुपारी गोड्या पाण्याचा एक मग घेऊन अंग पुसलं. संध्याकाळपर्यंत तिघांनाही भूक लागायला लागली. आजची मुगाची खिचडी कुकरमधूनच वाट्यांत वाढली, वर लिंबाचं लोणचं.

19 जुलै

पहाटे दोनच्या सुमाराला नवऱ्याने हाक मारली, “ऊठ गं, मागे काळं आलंय.” चंद्रप्रकाशात ढगाची खालची कडा सुरीने कापल्यासारखी सरळ दिसत होती आणि तिच्याखाली पाणी राखाडी झालं होतं. तांडेल आधीच वर आले होते. जेनोआ पूर्ण गुंडाळला, मेनसेलला दुसरा रीफ. नवरा डोलकाठीशी पट्ट्याला अडकून उभा, मी विंचवर (दोर ओढायच्या चरकावर). दोर ताणून झाला आणि पाचेक मिनिटांत वारा 18 वरून 32 वर गेला. पाऊस आडवा. बोट सात नॉटच्या वर धावली, पण हाताबाहेर गेली नाही. अर्ध्या तासाने सगळं पुढे निघून गेलं आणि मागे उरला तो नुसता लाटांचा गोंधळ, शिडात वारा नाही. अशा वेळी लगेच शीड वाढवायची घाई करू नये. एका झोताच्या मागे दुसरा असतो आणि होताच, जरा सौम्य.

उजेड पडल्यावर विंडवेनची पाहणी. मजलभर बोट हाकतंय ते हेच यंत्र, त्याला वीज लागत नाही. मागच्या कठड्यावर एक उभं हलकं पातं, वाऱ्याच्या रेषेत धरलेलं. बोट मार्गावरून वळली की वारा पात्याच्या एका अंगाला लागतो आणि ते झुकतं. त्या झुकण्याने पाण्यातलं लांब वल्हं किंचित पिळलं जातं. पिळलं की धावत्या पाण्याचा सगळा जोर त्याला बाजूला ढकलतो, आणि वल्ह्याला बांधलेले दोन दोर सुकाणूचा दांडा ओढतात. बोट मार्गावर आली की पातं सरळ. ओढायची ताकद पाण्याची, पातं फक्त दिशा सांगतं.

त्या दोनांपैकी उजव्या दोरावरचं वेष्टण कप्पीच्या तोंडाशी कुरतडलेलं निघालं, आतला पांढरा गाभा केसांसारखा फुललेला. दोर कप्पीत सरळ शिरायला हवा. लाटांच्या हेलकाव्यात कप्पी अर्ध्या बोटाने कलत होती आणि दोर तिच्या पत्र्यावर मिनिटाला कितीतरी वेळा घासत होता. खुल्या समुद्रावर वस्तू मोडतात त्या बहुतेक अशाच, घासून. नवऱ्याने सुकाणू हातात घेतलं, तांडेलांनी वल्हं वर उचललं, मी जुन्या दोराच्या टोकाला नवा दोर टाके घालून जोडला आणि ओढून आरपार काढला. कप्पी सरळ राहावी म्हणून तिच्यामागे रबराच्या नळीचा तुकडा बांधला. आता दर पाळीत या दोरांवरून बोटं फिरवायची आणि वहीत खूण करायची. काळोखात डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं.

दुपारी 12: 18°53′ द, 172°35′ पू. 24 तासांत 138 मैल.

हिशोब मांडला तेव्हा खरी अडचण समोर आली. या वेगाने उद्या, म्हणजे शनिवारी, अंधार पडल्यावर तान्नाशी पोचणार. अनोळखी खाडीत, दोन्ही बाजूंना प्रवाळ असताना रात्री शिरायचं नाही, यावर तिघांचं एकमत. वेग वाढवून उजेडात पोचणं शक्य नाही. म्हणजे वेग कमी करून रविवार उजाडेपर्यंत बाहेर थांबायचं. पण थांबायचं कुठे?

20 जुलै

पहाटेच्या पाळीत मागे ईशान्येला मंगळ कृत्तिकांशेजारी आणि त्याच्याखाली रोहिणीजवळ गुरू. साडेआठला पुढे डावीकडे ढगाच्या तळाशी एक न हलणारी कडा. फुटुना! 666 मीटर उंच, माथा सपाट. निघाल्यापासून दिसलेली पहिली जमीन. नवऱ्याने मोठ्याने आरोळी ठोकली आणि झोपलेले तांडेल वर आले.

दुपारी 12: 19°21′ द, 170°21′ पू. उरले 49 मैल.

नकाशा पसरून बसलो. तान्नाच्या ईशान्येला, पोर्ट रेझोल्यूशनपासून सुमारे 17 मैलांवर अनिवा बेट आहे, प्रवाळाचं आणि सखल. फुटुना दुरून दिसतं, अनिवा रात्री जवळ जाईपर्यंत दिसणार नाही. आग्नेयेच्या वाऱ्यात थांबलेली बोट वायव्येला वाहत जाते, म्हणजे थेट त्याच्या रोखाने. वाहण्याचा वेग ताशी सव्वा मैलाच्या आसपास धरला, त्यात पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाहाचा हातभार. सात-आठ तासांत नऊ-दहा मैल. तेव्हा थांबायची जागा मुद्दाम सरळ रेषेच्या दक्षिणेला घेतली: 19°33′ द, 169°55′ पू. तिथून वाहत गेलो तरी अनिवा पंधरा मैल लांब राहतं. माझ्या मते या मजलीतलं सर्वांत महत्त्वाचं काम हा अर्धा तास होता.

दोननंतर जेनोआ गुंडाळून वेग तीन नॉटवर आणला. घड्याळं एक तास मागे, वानुआतूच्या वेळेवर. मावळल्यावर हीव्ह-टू केलं, म्हणजे बोट समुद्रातच थांबवून धरली: पुढचं छोटं शीड उलटं, वारा येतो त्या अंगाला ताणून ठेवलं, मेनसेल तिसऱ्या रीफवर, सुकाणूचा दांडा वारा जातो त्या अंगाला बांधून टाकला. पुढचं शीड नाळ एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे, आणि बोट लाटांना तिरपी उभी राहते. निघाल्यापासूनचा गलबला एकाएकी थांबला. टेबलावर ठेवलेली वाटी तिथेच राहिली. लाटा तेवढ्याच होत्या, पण बोटीच्या घसरण्याने वारा येतो त्या अंगाला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा तयार होतो आणि लाट तिथे मोडून पडते. समुद्रावर निघणाऱ्या प्रत्येकाने सगळ्यात आधी हे शिकावं, शीड चढवायच्याही आधी.

आठच्या सुमाराला पश्चिमेला क्षितिजाच्या वर तांबूस ठिपका उजळला, विझला, काही मिनिटांनी पुन्हा उजळला. यासूर ज्वालामुखी. 1774 च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन कुकच्या ‘रेझोल्यूशन’ जहाजाला याच उजेडाने इकडे ओढलं होतं, खाडीचं नाव त्या जहाजावरून. कुकला डोंगर जवळून पाहायचा होता, पण तान्नाच्या लोकांनी त्याला वर जाऊ दिलं नाही. माझ्या पाळीत मी त्या उजेडाचा कोन दर अर्ध्या तासाला होकायंत्रावर घेऊन जीपीएसशी ताडला. दोन्ही जुळत होते. यंत्रावर विश्वास आहेच, पण डोळ्यांनी खातरजमा झाली की मन निवांत होतं.

21 जुलै, गुरुपौर्णिमा, पोर्ट रेझोल्यूशन

अडीचला पुन्हा शिडं लावली, साडेसहाला खाडीच्या तोंडाशी. उजेड पुरता येईपर्यंत एक फेरी मारली. मग इंजिन सुरू, शिडं खाली, तांडेल नाळेवर उभे, हाताच्या खुणा. खाडी उत्तरेला उघडी आहे. 1878 च्या भूकंपात तिचा तळ वर उचलला गेला, त्यामुळे कुकच्या काळापेक्षा ती उथळ झाली. खोलीचा आकडा 12, 9, 6 असा उतरत गेला. साडेपाच मीटरवर नांगर सोडला, तीस मीटर साखळी दिली, इंजिन उलटं चालवून ताणून पाहिला. धरला. पिवळा झेंडा चढवला.

पश्चिमेच्या काठावर गरम झऱ्यांची वाफ. झाडांच्या शेंड्यांवर बारीक काळी राख, ती दुपारपर्यंत आमच्या डेकवरही आली. शिडांची घडी घालण्याआधी ती झटकून, धुऊन काढावी लागते, नाहीतर कापड घासतं.

तांडेलांना नमस्कार केला. त्यांना आजच्या दिवसाबद्दल सांगितलं तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, पुढच्या मजलीचा हिशोब तू मांडायचा, मी फक्त तपासणार.

22 जुलै

अधिकारी सकाळी आले. उरलेली आल्याची दोन बोटं आणि लिंबं घेऊन गेले. झेंडा उतरला.

कामं: उजव्या कप्पीला कायमची बैठक. दुसऱ्या बाजूचा दोरही बदलायचा, दोन्हींचं वय एकच आहे. बूमच्या दोराला जिथे घासतो तिथे चामडं. रात्रीच्या पाळीच्या डब्यात गोड कमी, चटपटीत जास्त.

पुढची मजल पोर्ट व्हिला, सुमारे 130 मैल. दिवस-रात्र मिळून चोवीस तासांच्या आसपास. दुपारी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचं असं मांडलं आहे, म्हणजे वारा पडला तरी पदरात उजेडाचे चार तास राहतात. कागद तांडेलांकडे दिला आहे.